न्हाणीघर : जोडलेले की वेगळे?

संपादक महाशय,


शौचकूप व न्हाणी एकाच खोलीत असणे हेच सुधारणेचे लक्षण, असा जो निवाडा गतांकातील पत्रलेखकांनी दिला आहे, तो एकतर्फी असल्यामुळे हा प्रतिवाद रुजू करीत आहे. एकत्र रचनेने जागा आणि नळकामाचा खर्च वाचतो, व वृद्धांची रात्रीची पायपीट टळते, हे सर्वथैव मान्य. परंतु सकाळी सात वाजता पाचसहा माणसांच्या कुटुंबात एकाचे स्नान म्हणजे इतरांची नाकेबंदी ठरते, याचा हिशेब त्यांनी मांडलेला नाही.

जुन्या नाशकातील वाड्यांत न्हाणीघर घरात, संडास परसात, ही व्यवस्था पावसाळ्यात जाचक होती खरी. तथापि तांब्याच्या बंबाचा धूर बाहेर जावा म्हणून तेथे हवेची वाट राखलेली असे. आमच्या द्वारका भागातील सदनिकांत मात्र वीतभर झरोक्यावर भागवून आत गॅसचा गीझर बसविलेला आढळतो. अपुऱ्या हवेत गॅस जळाला म्हणजे वर्णगंधहीन कार्बन मोनॉक्साइड निर्माण होऊन स्नान प्राणावर बेतू शकते. तीच गत गुळगुळीत फरशीची. दिसावयास ती देखणी, पण ओल्या पायांस खडबडीत शहाबादीच अधिक इमानी.

तस्मात् शौचकूप वेगळा, न्हाणी वेगळी, बेसिन दोहोंच्या बाहेर, आणि जागाच अपुरी असेल तर निदान ओल्या-कोरड्या भागांत आडभिंत व मोरीकडे नीट उतार, हाच मध्यममार्ग मला श्रेयस्कर वाटतो.

आपला नम्र,
एक वाचक
द्वारका, नाशिक