वेडाचा शिक्का

बेळगाव-निपाणीचे नाव निघाले की आमच्या वाचकांस सीमाप्रश्न आठवतो. १ नोव्हेंबर १९५६ पासून हा मराठी मुलूख आपल्या भाषेसाठी झगडतो आहे. परंतु त्याच मुलखाच्या माजघरांत एक दुसरे दुःख आहे, ज्यासाठी मोर्चा निघत नाही. सासरच्या मारहाणीने खचलेली सून रात्र-रात्र जागते, स्वतःशीच पुटपुटते. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा झाली. केसांत जट धरली, की सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे आले! मग मांत्रिकाच्या अंगणात पुन्हा मार. ज्या माराने दुखणे जडले, तोच मार त्यावरचा उतारा! कौलप्रसादावर आजार सोपविणाऱ्या आम्हां किनारपट्टीवरील लोकांसही यात नाक मुरडण्याचा अधिकार नाही.

प्रत्येक मनोविकारामागे छळच असतो, असे नव्हे. पण दीर्घकाळच्या छळाने खिन्नता व भयविकार जडण्याचा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. समाज मात्र आजार तेवढा पाहतो, छळाकडे पाठ फिरवितो. एकदा 'वेडी' असा शिक्का बसला, की तिची तक्रार खरी कोण मानणार? छळणाऱ्यास याहून सोयीची ढाल कोणती? शिवाय १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये गंभीर मनोविकार हे घटस्फोटाचे एक कारण आहेच. म्हणजे आधी मन मोडावयाचे आणि मोडले म्हणून घराबाहेर काढावयाचे!

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने शाब्दिक व भावनिक छळही हिंसाच ठरविला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा रुग्णास साखळदंडाने बांधण्यास मनाई करतो, आणि उपचारांची माहिती त्याला समजेल अशा भाषेत द्यावी, असेही बजावतो. निपाणीच्या बाईसाठी ही तरतूद सर्वांत मोलाची. धारवाडचे मनोरुग्णालय जुने व नामांकित आहे. परंतु नवऱ्याने काय केले, हे दुभाष्यासमोर कोणती स्त्री मोकळेपणाने सांगेल? आणि तो दुभाष्या सासरचाच असला तर?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. सीमाभागातील प्रत्येक तालुका रुग्णालयात मराठी जाणणारी समुपदेशक नेमावी. मनाचे दुखणे घेऊन आलेल्या स्त्रीस डॉक्टरांनी एकांतात घरच्या वागणुकीविषयी विचारावे. ती आजारी आहे, एवढ्यावरून पोलिसांनी तिची फिर्याद फेटाळू नये. कचेरीतील फलक मराठीत हवेत म्हणून लढणाऱ्या आमच्या सीमाबांधवांनी ही मागणीही आपल्या निवेदनांत घालावी. मातृभाषेची गरज या बाईइतकी दुसऱ्या कोणाला असणार?