"काय गो, विशेष काय?" विचारण्याआधी

विषय नाजूक आणि लिहिणारा पुरुष, त्यामुळे दोन-चार जण नाकं मुरडतील. मुरडू देत.

आपल्या पावस पंचक्रोशीत लग्नाला वर्ष झालं की सुनेवर घराची नजर सुरू होते. जरा मळमळलं, दुपारी डोळा लागला, की कुजबुज होते, "दिवस राहिले वाटतं!" मुंबईला फोन जातो, तिथून वाडीभर होतं. आठवड्याने पाळी येते. मग कुणी म्हणतं कळशी उचलली म्हणून गेलं, कुणी म्हणतं दृष्ट लागली. जे राहिलंच नव्हतं ते 'गेलं' म्हणून त्या पोरीच्या नावावर जमा होतं. माझ्या माहितीतल्या एका घरात हे लागोपाठ तीनदा झालं, आणि तिसऱ्या वेळी तिला देवऋषाकडे नेलं.

आता शरीरात काय होतं ते बघा. स्त्रीबीज सुटलं की त्याची रिकामी पुटी प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन बनवायला लागते. साधारण दोन आठवडे. गर्भ राहो न राहो, दर महिन्याला. त्याच्यामुळेच छाती दुखते, अंग किंचित गरम लागतं, झोप येते, आतडी मंदावून पोट फुगतं. गर्भ राहिला तर हेच हार्मोन पुढेही टिकतं. म्हणजे दोन्हीकडे कारण एकच. नुसत्या लक्षणांवरून त्या दिवसांत डॉक्टरलाही सांगता येत नाही, तिथे शेजारच्या काकू काय सांगणार?

खरी खूण म्हणजे एचसीजी हे दुसरं हार्मोन. गर्भ गर्भाशयाला चिकटल्यावरच, म्हणजे बीज सुटल्यावर बहुधा ६ ते १० दिवसांनी, ते तयार व्हायला लागतं. लघवीची किट तेच शोधते. म्हणून पाळी चुकण्याआधी किट लावून रडण्यात अर्थ नाही.

उपचार घेणाऱ्यांची तर आणखी फसगत होते. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू असतील तर हीच लक्षणं जोरात येतात, पाळीही लांबू शकते. आणि बीज सुटण्यासाठी एचसीजीचं इंजेक्शन घेतलं असेल, तर पुढचे दहा-बारा दिवस, कधी दोन आठवडेही, किटवर खोट्या दोन रेघा दिसू शकतात. हजारो रुपये मोजून येणाऱ्या जोडप्याला हे दोन वाक्यांत सांगायला डॉक्टरांना वेळ नसतो, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे.

आशाताईंकडे सरकारची 'निश्चय' किट मोफत मिळते. पण मागितली की गावभर होईल ही भीती. गावातल्या मेडिकलमध्येही ओळखीचंच माणूस, म्हणून पोरी किटसाठी रत्नागिरी गाठतात! आशाताईंना मी दोष देत नाही, त्यांच्या डोक्यावर कामं किती आहेत ते आपण बघतोच. पण किट गुपचूप मिळेल याची खात्री गावाने द्यायला हवी.

एक मात्र लक्षात ठेवा. किटवर दोन रेघा आल्यावर रक्तस्राव झाला किंवा पोटात एका बाजूला जोराचं दुखलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.

आणि नवरोबांची तपासणी? मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडेही कारण सापडतं. वीर्यतपासणी साधी, बाईच्या तपासण्यांपेक्षा कितीतरी स्वस्त. तरी ती सगळ्यात शेवटी होते, बरेचदा होतच नाही.

गावच्या आरोग्य समितीने हा विषय गणपतीआधी घ्यावा, सासवांना आणि नवऱ्यांनाही बोलवून. चाकरमानी तेव्हाच घरी येतात, आणि "विशेष काय?"चा मोसमही तोच.