नळाच्या मागे कोण असते?

लहान मुलाला ‘पाणी कुठून येते?’ असे विचारले, तर ते नळाकडे बोट दाखवते. ‘कचरा कुठे जातो?’ असे विचारले, तर घंटागाडीकडे. नळाच्या मागे आणि गाडीच्या पुढे काय आहे, हे त्याच्या दृष्टीआड असते. शाळेच्या पुस्तकात स्थानिक शासनाचा धडा येतो तो वरच्या इयत्तेत, आणि येतो तोही सदस्यसंख्या, कार्यकाळ आणि कलमे बरोबर घेऊन. पाच-सात वर्षांच्या नातवंडाला ही गोष्ट सांगण्याचे काम घरातील ज्येष्ठांनी अंगावर घ्यावे, असे मला वाटते. नगर परिषदेच्या कामाचा लाभ आणि तिच्या कुचराईची झळ घरात दोघांनाच अधिक पोहोचते: ज्याला अजून फार दूर जाता येत नाही त्याला, आणि ज्याला आता फार दूर जाववत नाही त्याला. कमावत्या माणसाचा दिवस घराबाहेर जातो. नातवाचे आणि आजोबांचे जग मात्र दारासमोरची नाली, कोपऱ्यावरचा दिवा आणि सकाळचे पाणी एवढ्यात सामावलेले असते.

उदाहरण म्हणून नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातील खापा घेऊ. कन्हान नदीच्या काठचे हे गाव. एके काळी हातमागाच्या कापडासाठी ओळखले जाई, आणि भोवतालच्या मँगनीजच्या खाणींमुळेही. येथे नगरपालिका स्थापन झाली ती १८६७ मध्ये. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा प्रसिद्ध ठराव १८८२ चा आहे. म्हणजे खाप्याची नगरपालिका त्या ठरावाहून पंधरा वर्षांनी वडील. मुलाला सन सांगून उपयोग नाही. ‘तुझ्या आजोबांचे आजोबा होते ना, त्यांच्या वेळची’ असे सांगावे. कागदोपत्री आज तिला नगर परिषद म्हणतात. पण घरोघरीच्या बोलण्यात ती नगरपालिकाच आहे, आणि मुलालाही हाच शब्द आधी कळू द्यावा.

आता नळाकडे येऊ. खाप्यासारख्या गावाची एक सोय अशी की मुलाला खरी नदी दाखवता येते. कन्हान सातपुड्यातून, छिंदवाड्याच्या बाजूने वाहत येते. पावसाळ्यात तिचे पाणी मातकट होते. असे गढूळ पाणी काचेच्या बरणीत घ्यावे, तुरटीचा खडा त्यात चार वेळा फिरवावा आणि बरणी झाकून ठेवावी. तासाभराने गाळ तळाशी बसलेला दिसतो. मग मुलाला सांगावे, की नदीचे पाणी नळाला सोडायचे तर नगरपालिकेला हेच काम मोठ्या टाक्यांतून रोज करावे लागते. नंतर ते वाळूच्या थरांतून गाळायचे, त्यात क्लोरीन मिसळायचे आणि उंच टाकीत चढवायचे. (बरणीतले पाणी स्वच्छ दिसले तरी पिण्याजोगे झालेले नसते, हे बजावून सांगावे. मुले प्रयोगाचा शेवट तोंडाने करू पाहतात.) नळाला येणाऱ्या पाण्यात लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे, असा दंडक आहे. त्यामुळे पाण्याला किंचित उग्र वास आला, तर नाक मुरडण्याचे कारण नाही. तो राखणदार जागा असल्याची खूण आहे.

याच ठिकाणी एक गोष्ट मोठ्यांनीही समजून घेण्यासारखी आहे. ज्या गावांत पाणी दिवसातून ठराविक वेळच येते, तेथे उरलेला वेळ नळवाहिनी रिकामी असते. रिकाम्या वाहिनीला तडा असला आणि ती नालीतून गेलेली असली, तर बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. कोणी नळाला थेट पंप लावला, की ही ओढ आणखी वाढते. टाकीतून शुद्ध निघालेले पाणी घरी पोहोचेपर्यंत बिघडते ते असे. अतिसाराने शरीरातील पाणी वेगाने घटते ते लहान मुलांत आणि वृद्धांत. दोघांनाही तहानेची जाणीव नीट सांगता येत नाही. म्हणून नालीत बुडालेली वाहिनी दिसली, तर ‘चालायचेच’ म्हणून पुढे जाऊ नये.

‘हे सगळे करायला पैसे कोण देतो?’ हा प्रश्न मूल विचारणारच. घरपट्टीची आणि पाणीपट्टीची पावती त्याच्या हातात द्यावी. काही पैसे आपण देतो, बरेचसे राज्य आणि केंद्र सरकारकडून येतात. लहान गावांत दुसरा वाटा मोठा असतो. आणि ठरवतो कोण? प्रत्येक प्रभागातून लोक आपले नगरसेवक निवडतात, आणि नगराध्यक्षही मतदारच थेट निवडतात. राज्यातील अनेक नगर परिषदांत काही वर्षे निवडणुका झाल्या नव्हत्या, प्रशासकच कारभार पाहत होते. डिसेंबर २०२५ मध्ये दोनशेहून अधिक ठिकाणी मतदान झाले. त्या वेळी बोटाला लागलेली शाई नातवंडाने पाहिली असेल, तर तिचा धागा येथे जोडून द्यावा. ठरलेले काम करून घेणारे मुख्याधिकारी मात्र निवडून आलेले नसतात. त्यांची नेमणूक राज्य सरकार करते. एवढे पुरे. अध्यक्ष मोठा की अधिकारी मोठा, या वादात मुलाला ओढू नये. तो मोठ्यांनाही सुटलेला नाही.

कचऱ्याचा विषय मुलांना आवडतो, कारण घंटागाडी आवडते. ओला आणि सुका हे भेद ती आपल्याला शिकवतात. परंतु जेथे अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, तेथे आणखी दोन भेद महत्त्वाचे. मोठ्यांची डायपर, सॅनिटरी पॅड ही घाण कागदात घट्ट गुंडाळून, ओळखू येईल अशी वेगळी द्यावी, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सांगितले. इन्सुलिनच्या सुया, फुटलेला तापमापक, मुदत संपलेली औषधे हा घरगुती घातक कचरा; तो भाजीच्या देठांत मिसळायचा नाही. सुया झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात साठवून डबा भरल्यावर बंद करून, सांगून द्यावा. हे मुलाला समजावताना नियमाचे नाव घेण्याची गरज नाही. गाडीवरच्या काकांचे हात पिशवीत जातात, एवढे सांगितले की पुरते. परक्या हाताची काळजी घेण्याचा हा पहिला पाठ नातवंडाला आजीच्या औषधपेटीपाशीच मिळू शकतो.

आमच्या विदर्भातला कूलर हा या विषयात हटकून आणावा लागतो. नगरपालिका नाल्यांवर फवारणी करते, धूर सोडते. पण डेंग्यूचा डास नालीपेक्षा घरातले स्वच्छ, साठलेले पाणी पसंत करतो. मृग लागला की कूलर बंद होतो आणि त्याच्या तळातले पाणी तसेच राहते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा कूलर, कुंडीखालच्या थाळ्या, पक्ष्यांचे पाणी, रांजण रिकामे करून घासायचे. हा वार मुलाकडे सोपवावा. नगरपालिकेचे काम कुठे संपते आणि आपले कुठे सुरू होते, हे त्याला या टाकीपाशी जितके स्पष्ट दिसेल तितके कुठल्याही धड्यात दिसणार नाही.

जन्म-मृत्यूची नोंद हेही तिचेच काम. जन्म आणि मृत्यू एकवीस दिवसांच्या आत कळवले, तर नोंदणीला शुल्क पडत नाही. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून अनेक ठिकाणी जन्मदाखलाच वयाचा पुरावा आहे. मुलाला त्याचा स्वतःचा दाखला दाखवावा: तू या जगात आलास, हे नगरपालिकेने लिहून ठेवले आहे. घरात अलीकडे कोणी गेले असेल, तर त्याच वहीत त्यांचेही नाव आहे, हे लपवू नये. मुले अशा वेळी आपल्या अपेक्षेहून शांतपणे ऐकतात.

उरला कोपऱ्यावरचा दिवा. वयपरत्वे डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळट होते. तरुणाला पुरेसा वाटणारा उजेड सत्तरीच्या माणसाला पुरत नाही. बंद दिवा आणि नालीवरची सरकलेली फरशी एकत्र आली, की खुब्याचे हाड मोडायला एक पाऊल पुरते. रस्त्यावरील दिवाबत्ती आणि साफसफाई ही नगर परिषदेची मर्जी नव्हे. १९६५ च्या अधिनियमाने ती तिच्या आवश्यक कर्तव्यांत घातली आहेत. म्हणून संध्याकाळी अंधार पडण्याआधी नातवंडाचा हात धरून आपल्या गल्लीतून एक फेरी मारावी. बंद दिव्याच्या खांबावरचा क्रमांक त्याला वाचायला सांगावा. आपल्याला तो दिसत नसतो, त्याला दिसतो. घरी येऊन दोघांनी मिळून अर्ज लिहावा: गल्लीचे नाव, खांबाचा क्रमांक, दिवा किती दिवसांपासून बंद आहे आणि त्या वाटेने कोण ये-जा करते. अक्षर मुलाचे असले तरी चालेल, सही आपली असावी. अर्ज दोन प्रतींत न्यावा, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती परत आणावी, आणि दिनदर्शिकेच्या शेजारी, मुलाचा हात पोहोचेल इतक्या उंचीवर टाचून ठेवावी. दिवा लागेपर्यंत दिवस मोजण्याचे काम ते आपण होऊन करते.