आठ टक्क्यांचं इंजिन

वाफेच्या इंजिनाची कार्यक्षमता फार तर सात-आठ टक्के. म्हणजे शंभर रुपयांचं इंधन जाळलं तर त्यातले नव्वदहून जास्त रुपये धुराड्यातून वर. एवढ्या मार्कांत आपल्या युनिव्हर्सिटीत कुणी पास झाल्याचं ऐकिवात नाही, ग्रेस देऊनसुद्धा नाही. तरीपण हे इंजिन रुळांवर चालत राहिलं पाहिजे, नुसतं रंग देऊन चौथऱ्यावर उभं करून भागणार नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. हे मत थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकातून झालेलं नाही (त्या पुस्तकातून माझं कुठलंच मत कधी झालं नाही). ते निलगिरीच्या गाडीत साडेतीन तास बसून झालं आहे.

पुढे जाण्याआधी एक सांगते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. वर लिहिलेला 'कार्यक्षमता' हा शब्दही मी रूममेटला विचारून लिहिला आहे. ती साताऱ्याची, तिचं मराठी एकदम फर्स्ट क्लास. तेव्हा वाचकांनी गोड मानून घ्यावं.

तर झालं असं, की आमची आय.व्ही. कोइमतूरला होती. पंप बनवणारे दोन कारखाने, एक फाउंड्री, आणि शेवटचा दिवस मोकळा. मोकळा दिवस म्हणजे उटी, यावर मतभेद नव्हते. मतभेद कसं जायचं यावर होते. बहुमत बसच्या बाजूने पडलं, कारण बसमध्ये गाणी लावता येतात. आम्ही नऊ जणांनी मात्र खूप आधीच मेट्टुपालयमहून गाडीची तिकिटं काढून ठेवली होती. ही गाडी सकाळी ७.१० ला सुटते, त्यामुळे पहाटे चारला उठावं लागलं. 'उटीला जायला पाच तास? बसने तीन तासांत पोचतो की!' असं बसवाले म्हणत होते. बरोबरच म्हणत होते. मेट्टुपालयम ते उटी अंतर अवघं ४६ किलोमीटर. ताशी दहाच्या आसपासचा स्पीड. आपल्या होस्टेलवरून गेटपर्यंत सायकल त्याहून जोरात जाते.

'दिल से' (१९९८) मधलं गाडीच्या टपावरचं गाणं सगळ्यांना पाठ आहे. ती गाडी हीच. पण माझा विषय टप नाही, टपाच्या खालचा आहे.

मेट्टुपालयमला पहिलं आश्चर्य म्हणजे इंजिन गाडीच्या मागे. मुंबई-पुणे करणाऱ्यांना याचं अर्धंच नवल वाटेल, कारण कर्जतला आपण वडापाव खाईपर्यंत मागून बँकर जोडतात आणि तो गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलतो. पण आपल्या बोरघाटाचा चढ १ : ३७. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. निलगिरीत जिथे सगळ्यात जास्त चढ आहे तिथे साधारण १२ मीटरला एक मीटर. एवढ्या चढावर, त्यात रूळ ओले असले तर, गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर जागच्या जागी फिरत बसेल. म्हणून कल्लारपासून कुन्नूरपर्यंत दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या टाकल्या आहेत. पट्ट्या दोन, शेजारी शेजारी, आणि त्यांचे दाते एकमेकांच्या समोरासमोर नाहीत, थोडे मागेपुढे सरकवलेले आहेत. त्यामुळे इंजिनाखालचं दातेरी चाक एका पट्टीचा दाता सोडत असतं तेव्हा दुसऱ्या पट्टीचा दाता त्याने पकडलेला असतो. याला आब्ट पद्धत म्हणतात. इंजिन चढाच्या खालच्या बाजूला ठेवायचं कारणही सोपं आहे. कपलिंग तुटलं तरी डबे इंजिनावरच टेकतील, दरीत जाणार नाहीत.

मेट्टुपालयम ते कुन्नूर हा भाग १८९९ साली सुरू झाला, उटीपर्यंत गाडी १९०८ मध्ये पोचली. २५० पूल, १६ बोगदे, २०८ वळणं. गाडी समुद्रसपाटीपासून ३२६ मीटरवरून निघते आणि २,२०३ मीटरवर जाऊन थांबते. २००५ मध्ये युनेस्कोने हिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्याआधी १९९९ मध्ये दार्जिलिंगच्या गाडीला तो मान मिळाला होता.

हे आकडे कुठेही मिळतात. मला जे मिळालं ते हिलग्रोव्हला. तिथे इंजिन पाणी प्यायला थांबतं, माणसं चहा प्यायला उतरतात आणि माकडं दोघांच्याही मागे लागतात. आम्ही पळत मागे इंजिनाकडे गेलो. एका बाजूला दोन सिलिंडर, एकावर एक. म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार. खालचे सिलिंडर नेहमीची चाकं फिरवतात. तिथे आपलं अर्धं काम करून बाहेर पडलेली वाफ सोडून न देता वरच्या सिलिंडरमध्ये घेतात आणि ते दातेरी चाक फिरवतात. कल्लारच्या अलीकडे सपाटीवर वरच्या सिलिंडरचं काहीच काम नसतं. कंपाउंड एक्स्पान्शन! हा प्रश्न पेपरात आला की मी गेली दोन वर्षं ऑप्शनला टाकते. इथे तो माझ्यासमोर तेल गळत, फुसफुसत उभा होता. गाडी सुटताना आधी खालचे दांडे हलले, वरचेही हलले, आणि फिगर ५.१२ मध्ये बाण असे का काढले आहेत ते मला दहा सेकंदांत कळलं. सरांची माफी मागून लिहिते, वर्गात चार लेक्चर्समध्ये कळलं नव्हतं.

डिझेल किंवा विजेच्या इंजिनात हे होत नाही. तिथे सगळं पत्र्याच्या आत असतं. वाफेच्या इंजिनाचं आतलं सगळं बाहेर आहे. दांडे, क्रँक, व्हॉल्व्ह गिअर, सगळं. शिवाय ते आवाजावरून ओळखू येतं. चढ वाढला की आवाज जड होतो, कमी झाला की हलका. आमच्या डब्यातल्या एका आजींनी तिसऱ्या बोगद्यानंतर 'आता चढ आला' असं आधीच सांगायला सुरुवात केली होती.

आणि माणसं. प्रत्येक डब्याच्या टोकाशी एक ब्रेकवाला उभा असतो. सगळ्यात पुढच्या डब्यावरच्या माणसाला पुढचा रूळ दिसतो, ड्रायव्हरला दिसत नाही, कारण तो मागे आहे. म्हणून हा पुढून झेंडी दाखवतो, ती डब्याडब्यावरून मागे जाते, मागून शिट्टी येते आणि त्या शिट्टीवर सगळे आपापला ब्रेक कमी-जास्त करतात. मोबाइल नाही, वॉकीटॉकी नाही. मी आमच्या डब्यावरच्या ब्रेकवाल्याला विचारलं, 'अण्णा, किती वर्षं झाली?' त्यांना हिंदी येत नव्हतं, मला तमिळ येत नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांची बोटं दाखवली, मग पुन्हा एकदा दाखवली. वीस वर्षं. मग माझा हात ब्रेकच्या चाकाजवळ नेऊन ते कसं थरथरतं ते दाखवलं. दाते नीट बसत असतील तर थरथर एकसारखी. हे त्यांनी शब्दांशिवाय मला शिकवलं, व्हायव्हासुद्धा घेतली नाही.

फायरमनचं काम तर याहून अवघड. आमचं इंजिन तेलावर चालणारं होतं, म्हणजे फावड्याने कोळसा मारायचा नव्हता. पण बॉयलरमधल्या पाण्याकडे डोळ्यात तेल घालून बघावंच लागतं. चढावर बॉयलर तिरका होतो, पाणी एका बाजूला जातं आणि काचेच्या नळीत दिसणारी पातळी सपाटीवर असते तशी वाचून चालत नाही. पाणी कमी पडून भट्टीचं छत उघडं पडलं तर ते मऊ होऊन फुटू शकतं. पाणी जास्त झालं तर ते वाफेबरोबर सिलिंडरमध्ये शिरतं आणि सिलिंडर फोडतं, कारण पाणी दाबलं जात नाही. म्हणजे दर मिनिटाला अंदाज, आणि तो अंदाज कुठल्या पुस्तकात नाही, जुन्या फायरमनच्या शेजारी उभं राहून येतो.

माझा मुद्दा इथेच आहे. वारसा वारसा म्हणतात तो लोखंड नाही. लोखंड तर बदलतच असतं. या गाडीची एक्स क्लास इंजिनं मुळात स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरची. त्यातल्या कित्येकांचे भाग इतक्या वेळा बदललेत की मूळचं काय उरलं हा वादाचा विषय व्हावा. गेल्या पंधरा वर्षांत तर तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने त्याच नमुन्याची नवी इंजिनं इथेच बांधली. म्हणजे २०१० नंतरच्या भारतात वाफेचं इंजिन नव्याने तयार होतंय! ते शक्य झालं, कारण ती गाडी चालू होती, आणि चालू असल्यामुळे बॉयलर दुरुस्त करणारी, दाते तपासणारी, शिट्टी ओळखणारी माणसं एकामागून एक तयार होत राहिली. गाडी बंद पडून तीस वर्षं गेली असती तर ड्रॉइंग हातात असूनही कुणाला काही जमलं नसतं.

परतीच्या बसमध्ये (येताना आम्हीही बसनेच आलो, खोटं कशाला बोला) आमच्या टॉपरने वाद घातला. त्याचं म्हणणं, ही सगळी हौस आहे, धूर आहे, खर्च आहे. चांगली इलेक्ट्रिक गाडी टाका, निम्म्या वेळात पोचेल, स्थानिक लोकांच्याही उपयोगी पडेल. त्याचं सगळंच चूक नाही. रोजच्या प्रवासातून वाफ गेली हे चांगलंच झालं. ब्रॉडगेजवरची शेवटची नेहमीची वाफेची गाडी ६ डिसेंबर १९९५ ला जालंधर-फिरोजपूर मार्गावर धावली, त्यासाठी कुणी रडायला नको. माझी आजी मनमाडची. तिला मी फोनवर इंजिनाचं वर्णन सांगितलं तर म्हणाली, 'अगं, दांडीवरचं धुणं काळं व्हायचं. कसलं कौतुक त्याचं!' पण रोजची वाहतूक वेगळी आणि एका घाटातली एक गाडी वेगळी. उटीला जाणाऱ्याला बस आहेच. आणि कुन्नूरच्या पुढे याच मार्गावर गाडीला डिझेल इंजिन लागतं, तिथे कुणी हट्ट धरलेला नाही. जिथे दाते आहेत तिथेच वाफ ठेवली आहे.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. हल्ली वाफेसारखं दिसणारं इंजिन काढायची टूम निघाली आहे. ३१ ऑक्टोबर २०२३ ला एकतानगर-अहमदाबाद अशी एक 'हेरिटेज' गाडी सुरू झाली. बाहेरून काळं इंजिन, धुराडं वगैरे सगळं, आत मात्र वीज. गाडी आरामशीर असेल, एसी असेल, लोक खूश असतील, माझी हरकत नाही. पण त्याला वारसा म्हणू नका. गॅदरिंगला मिशी लावून शिवाजी महाराज झालेला आमच्या वर्गातला मुलगा आम्हाला आवडतो, म्हणून त्याच्याकडे कुणी गड सांभाळायला देत नाही. साध्या डिझेल इंजिनाने गाडी ओढली तर ते निदान प्रामाणिक तरी आहे. खोट्या धुराड्याने पाण्याची पातळी वाचायला कुणी शिकत नाही.

आता आपल्या घरचं. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली नेरळ-माथेरान गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. रूळ दोन फुटी, अंतर साधारण २१ किलोमीटर, वळणं इतकी आवळलेली की नेहमीचं इंजिन तिथे बसलंच नसतं. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेलची खास इंजिनं आणली. त्यांचे टोकाचे आस पोकळ नळीसारखे होते आणि ते वळणावर थोडे फिरायचे. मेकॅनिकलच्या मुलांनी हे 'क्लाइन-लिंडनर' नावाने जरूर शोधून बघावं, सेमिनारला तयार टॉपिक आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही इंजिनं निवृत्त झाली. एक नेरळला शोभेला उभं आहे, एक इंग्लंडला गेलं. जुलै २००५ च्या पावसाने मार्ग उखडला, तो २००७ ला पुन्हा सुरू झाला. पुढेही बंद-चालू होत अखेर ऑक्टोबर २०२२ पासून गाडी पुन्हा नेरळहून वर जाते, डिझेलवर. हे सगळं श्रेय रेल्वेला दिलंच पाहिजे, दर पावसाळ्यात तो मार्ग टिकवणं सोपं नाही.

माझं मागणं संपूर्ण घाटासाठी नाहीच. अमन लॉज ते माथेरान हा वरचा छोटा तुकडा आहे, तिथे शटल चालते. फक्त रविवारी, फक्त त्या तुकड्यावर, एक खरं, तेलावर चालणारं वाफेचं इंजिन. दार्जिलिंगचा मार्गही दोन फुटीच आहे आणि तिथे घूमपर्यंत वाफेच्या फेऱ्या होतात, म्हणजे हे काम जाणणारी माणसं आज देशात आहेत. ती दहा वर्षांनी असतील का, ते सांगता येत नाही. माथेरान इको-सेन्सिटिव्ह आहे, जंगल आहे, ठिणगीची भीती आहे, हे मला मान्य. निलगिरीतही जंगलच आहे, आणि तेलावरच्या इंजिनातून कोळशासारखे निखारे उडत नाहीत.

रेल्वेला पाठवायच्या अर्जाचा इंग्रजी ड्राफ्ट माझा तयार आहे, मराठी ड्राफ्ट साताऱ्याची मंडळी लिहीत आहेत. सह्यांचा कागद गर्ल्स होस्टेलच्या नोटीस बोर्डाशेजारी लावला आहे, मुलांसाठी मेसच्या काउंटरवर. स्टाफनेही सही करायला हरकत नाही. टॉपरने केली आहे, खाली कंसात 'फक्त रविवारसाठी' असं लिहून.