उत्तेजन की उत्तर? : तालुक्याच्या वाङ्मयचर्चेतील एक पेच

'उत्तेजन' हा मराठी वाङ्मयव्यवहारातील एक जुना आणि प्रतिष्ठित शब्द आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिणा प्राइझ कमिटीने ग्रंथकर्त्यांना बक्षिसे देण्यास आरंभ केला. १८९४ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या संस्थेने तर हा शब्द आपल्या नावातच घेतला. ग्रंथ कमी आहेत, म्हणून लिहिणाऱ्याला काही द्यावे, म्हणजे ग्रंथ वाढतील, हा त्यामागील साधा विचार होता. ग्रंथांचे दुर्भिक्ष होते तोवर तो योग्यही होता. परंतु दुर्भिक्ष संपून शतक लोटले तरी विचार तोच राहिला, आणि जो उपाय संख्येसाठी योजला होता तोच आता गुणवत्तेसाठी सुचवला जातो. वाङ्मयचर्चेचा दर्जा खालावला, अशी तक्रार झाली की पारितोषिके, प्रमाणपत्रे आणि सत्कार वाढवण्याची सूचना पाठोपाठ येते. या सूचनेत एक मूलभूत प्रमाद आहे.

हा प्रमाद पुण्यामुंबईत चटकन दिसत नाही. तिथे गर्दीत पुष्कळ काही झाकले जाते. पेण आणि रोहा यांसारख्या तालुक्याच्या गावी तो उघडा पडतो. दोन्ही गावांत वाचनालयाची परंपरा आहे, महाविद्यालये आहेत, आणि १९९१ मध्ये मधु मंगेश कर्णिक यांनी स्थापन केलेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेमुळे लिहित्या माणसाला हक्काचे व्यासपीठही मिळालेले आहे. म्हणजे अभाव संस्थांचा नाही. लिहिणाऱ्यांचा तर नाहीच. तरीही अशा गावांतील कोणत्याही साहित्यिक कार्यक्रमाचा क्रम आठवून पाहावा : दीपप्रज्वलन, स्वागत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय (जो बहुधा पाहुण्यांच्या भाषणाहून लांब असतो), मग निबंध किंवा कविता, प्रमाणपत्रे, आभार. प्रश्नोत्तरे 'वेळेअभावी' गाळली जातात. वेळ कशासाठी पुरला आणि कशासाठी पुरला नाही, याचा हिशेब मांडला की त्या समूहाची मूल्यव्यवस्था हाती येते. बोलणाऱ्याला सर्व काही मिळते. मिळत नाही ते एकच, आपल्या बोलण्याला उत्तर.

हे केवळ हौशी मंडळांचे वर्णन आहे, असे समजून विद्यापीठीय वाचकाने निश्चिंत होण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकाच्या शैक्षणिक कार्याला गुणांक लावले. आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या चर्चासत्रातील निबंधाला राष्ट्रीयाहून अधिक, राष्ट्रीयातील निबंधाला राज्यस्तरीयाहून अधिक, अशी ती उतरंड होती. परिणाम असा झाला की निबंधाचे मोल तो वाचण्यापूर्वीच, निमंत्रणपत्रिकेच्या शीर्षकावरून ठरू लागले. पुढे नियतकालिकांचा दर्जा सांभाळण्यासाठी आयोगाने २०१९ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची सूची प्रसिद्ध केली आणि २०२५ च्या आरंभी ती रद्दही केली. सूची आली, सूची गेली. या सहा वर्षांत छापल्या गेलेल्या निबंधांपैकी कितींचा प्रतिवाद झाला, हा प्रश्न कोणत्याही विवरणपत्रात विचारला गेला नाही. या साऱ्यात एक विलक्षण योगायोग आहे. १९५६ ते १९६१ या काळात याच आयोगाचे अध्यक्षपद भूषवणारे चिंतामणराव देशमुख हे रोह्याचे. अर्थमंत्रिपदी असताना मुंबईच्या प्रश्नावर मतभेद झाला तेव्हा त्यांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. मतभेद स्पष्ट शब्दांत मांडून त्याची किंमत मोजणारा हा पुरुष. त्याच्या गावच्या नव्या अध्यापकाला मात्र त्याच आयोगाचे नियम मतभेद टाळून प्रमाणपत्र मिळवण्याचे शिक्षण देत राहिले.

उत्तेजनवाद्यांच्या विरोधात उभा असलेला दुसरा पक्ष निवडीचा आहे. दार अरुंद करा, म्हणजे आत येईल ते उत्तमच असेल, असे तो सांगतो आणि साक्षीला 'सत्यकथा' काढतो. साक्ष बरोबर आहे, पण तिचा अर्थ चुकीचा लावला जातो. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या संपादनाचे सामर्थ्य नकारात नव्हते. नकार कोणीही देऊ शकतो. हस्तलिखित बारकाईने वाचून त्यावर लेखकाशी विचारविनिमय करणे, पुनर्लेखनाची वाट पाहणे, हे त्या संपादनाचे मर्म होते. त्या पत्रव्यवहाराने लेखक घडले. केवळ दाराच्या अरुंदपणाने कोणी घडत नाही. त्याच वेळी, हे उत्तर कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, हा लघुनियतकालिकांच्या पिढीचा आक्षेपही खरा होता. १९६९ मध्ये 'सत्यकथे'ची होळी झाली ती या आक्षेपाची टोकाची अभिव्यक्ती. गंगाधर पानतावणे यांच्या 'अस्मितादर्श'ने नियतकालिकाला लेखक-वाचक मेळाव्यांची जोड दिली, तेव्हा ज्यांना कोणी उत्तर देत नव्हते त्यांच्यासाठी उत्तराची जागा निर्माण झाली. दलित साहित्याची समीक्षा त्या जागेत वाढली, हे विसरून त्या चळवळीचा इतिहास केवळ अनुभवाच्या दाहकतेने सांगितला जातो, हा तिच्यावरील अन्यायच होय.

हाबरमासने सार्वजनिक चर्चाविश्वाची जी कल्पना मांडली तिच्यात वक्त्याच्या दर्जापेक्षा युक्तिवादाच्या बळाला प्रामाण्य आहे. पण ही गोष्ट जर्मनीतून शिकण्याची मराठी समीक्षेला गरज नव्हती. १८८५ च्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले आणि नकाराची कारणे पत्राने कळवली. ते पत्र 'ज्ञानोदया'त प्रसिद्ध झाले. त्या सभेत कोण काय बोलले, हे आज अभ्यासकांनाही शोधावे लागते. पत्र मात्र पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्याला माहीत असते. सभेसाठी झालेले सर्वांत मौलिक लेखन सभेबाहेरून आले, आणि ते उत्तेजनाने नव्हे तर विरोधाने आले. फुल्यांना पारितोषिक देऊन ते पत्र लिहवून घेता आले नसते, आणि प्रवेशाच्या कसोट्या लावल्या असत्या तर ते बाहेरच राहिले असते. दोन्ही पक्षांनी या उदाहरणाचा विचार करावा.

ऐकणे हेही उत्तराचेच एक रूप आहे. पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ती आज ग्रंथरूपाने उपलब्ध आहेत, कारण साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तिथे टाळी नव्हती, शाल नव्हती. समोर लिहून घेणारा हात होता. आपले वाक्य कोणी तरी उतरवत आहे या जाणिवेने वाक्य कसे बदलते, हे टाचणे काढणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

आता एक प्रसंग कल्पावा. पेणच्या खारेपाटातील, आगरी बोलणाऱ्या घरातील एखादी विद्यार्थिनी गणपतीच्या कारखान्यांतील भाषेवर निबंध वाचते : साचा, शाडू, आखणी या शब्दांभोवती कामाची कोणती उतरंड उभी आहे, डोळ्यांची आखणी जाणत्या हातांकडेच का जाते, स्त्रियांच्या कामाला स्वतंत्र नाव आहे की नाही. विषय अव्वल आहे. श्रोत्यांत कारखानदार असू शकतो, आखणी करणारा असू शकतो, बोलींचा अभ्यासक असू शकतो. यांतील एकानेही 'हा शब्द आमच्याकडे या अर्थाने वापरत नाहीत' असे उठून म्हटले, तर निबंधाचे दुसरे लेखन त्या क्षणी सुरू होईल. टाळ्या वाजल्या तर निबंध तिथेच संपेल, आणि प्रमाणपत्राच्या चौकटीत अडकून पुढल्या चर्चासत्रात जसाच्या तसा वाचला जाईल. नुकसान त्या विद्यार्थिनीचे तर आहेच. अधिक नुकसान मराठी बोलीविज्ञानाचे आहे.

यावर हमखास घेतला जाणारा आक्षेप असा : लहान गावात माणसे एकमेकांच्या नात्यातली, ओळखीतली असतात, जाहीर दोषदर्शन केले तर उद्या बाजारात तोंड कसे दाखवायचे? नवोदिताचा तर हिरमोडच व्हायचा. आक्षेपात तथ्य आहे, पण तो अर्धवट आहे. ज्या गावात उत्सवाच्या वर्गणीवरून तास तास वाद घालून माणसे दुसऱ्या दिवशी एकत्र चहा घेतात, तिथे केवळ कवितेविषयी मतभेद असह्य ठरतो, यावरून कविता त्या समूहाला वर्गणीइतकीही महत्त्वाची वाटत नाही, एवढेच सिद्ध होते. आणि नवोदिताचा हिरमोड उत्तराने होतो त्याहून अधिक मौनाने होतो. दोष दाखवणारा निदान वाचतो तरी. कौतुक करणाऱ्याने वाचलेच असेल याची खात्री देता येत नाही.

तेव्हा पेणला किंवा रोह्याला पुढील चर्चासत्र भरवणाऱ्यांनी निबंधांची संख्या निम्म्यावर आणावी. प्रत्येक निबंध महिनाभर आधी एका नियुक्त प्रतिवादकाच्या हाती द्यावा. तो प्राध्यापकच असावा असे नाही. निबंधाला जेवढा वेळ तेवढाच प्रतिवादाला, आणि छापताना दोन्ही शेजारी शेजारी. यात खर्च वाढत नाही, सत्कारांची संख्या घटल्याने थोडा कमीच होतो. अडचण एकच येईल : अहवालाच्या नमुन्यात उपस्थितांची संख्या, वाचलेल्या निबंधांची संख्या आणि वाटलेल्या प्रमाणपत्रांची संख्या यांसाठी रकाने असतात. विचारल्या गेलेल्या प्रश्नांसाठी रकाना नसतो. तो हाताने आखावा लागेल.