दोन हजार रुपयांचा कायदा

19 सप्टेंबर 2025 ला अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलर शुल्क लावलं. त्या रात्री हैदराबादेत आमच्या इमारतीतल्या तीन घरांचे दिवे पहाटेपर्यंत चालू होते. सुट्टीवर आलेल्या मुलांना आईबाप तातडीने परतीची तिकिटं काढायला लावत होते. दुसऱ्याच दिवशी आपल्या परराष्ट्र खात्याने निवेदन काढलं. या निर्णयाने कुटुंबांची घडी विस्कटेल, त्याचे मानवी परिणाम होतील, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. खात्याने योग्य तेच केलं. ती मुलं आपली आहेत आणि त्यांच्यासाठी सरकारने बोललंच पाहिजे.

माझा राग त्याच्या पाच वर्षं आधीच्या सप्टेंबरवर आहे. सप्टेंबर 2020 मध्ये कोविडने आखातातले कामगार उपाशीपोटी परतत होते. कित्येकांचे चार-चार महिन्यांचे पगार तिकडेच अडकले होते. नेमक्या त्याच महिन्यात, याच परराष्ट्र खात्याने, आखातात जाणाऱ्या भारतीय कामगारांचं किमान वेतन 30 ते 50 टक्क्यांनी खाली आणलं. संयुक्त अरब अमिरात, कतार, ओमान, बहरीन यांच्यासाठी ते महिन्याला 200 डॉलर झालं, म्हणजे तेव्हाच्या भावाने पंधरा हजार रुपयांच्या आत. वाळवंटातल्या उन्हात सळया बांधणाऱ्या माणसाची ही किंमत दुबईतल्या कुठल्या शेठने ठरवली नव्हती. ती दिल्लीतल्या टेबलावर ठरली. कारण काय दिलं? आपले कामगार महाग पडले तर शेजारचे देश नोकऱ्या घेऊन जातील. एच-वन-बीच्या बाबतीत असा विचार कुणी बोलून दाखवला असता का? आमचे अभियंते निम्म्या पगारात घ्या, पण त्यांनाच घ्या, असं कुणी अमेरिकेला लिहून दिलं असतं का?

तेलंगणातल्या आखाती कामगारांची संघटना याविरुद्ध हैदराबादच्या उच्च न्यायालयात गेली. जुलै 2021 मध्ये सरकारने जुने दर परत आणले. मधले दहा महिने ज्यांचे करार त्या कमी दराने मंजूर झाले, त्यांचा फरक कोण भरून देणार, हा प्रश्न आमच्या इमारतीत कुणीही विचारला नाही. इमारतीतल्या बहुतेकांना अशी कपात झाली होती हेही माहीत नव्हतं.

मी मूळचा धर्माबादचा. नांदेड जिल्ह्याचं ते टोक, पुढं बासर, म्हणजे तेलंगणा. आमच्याकडून माणसं कामाला मुंबईपेक्षा निजामाबाद-हैदराबादकडे जास्त जातात आणि तिथून पुढं ‘दुबईला’. मस्कत असो, दमाम असो की कुवेत, सगळ्याचं नाव दुबईच. उत्तर तेलंगणात तीन शब्द एका दमात म्हणतात: बोग्गुबाई, बोंबाई, दुबाई. कोळशाची खाण, मुंबई आणि दुबई. पावसाने दगा दिला, बोअरला पाणी लागलं नाही, की या तीनपैकी एक वाट धरायची. भिवंडीच्या मागांवर आणि सोलापुरात जे पद्मशाली विणकर दिसतात, तेही तेलंगणातूनच आलेले. तिसऱ्या वाटेवर मात्र पासपोर्ट लागतो आणि त्या पासपोर्टात आपलं सरकार माणसांच्या दोन जाती करतं.

दहावी पास झालेल्याला कुणी काही विचारत नाही. दहावी नसलेल्याच्या पासपोर्टवर ईसीआरची नोंद येते. काही सवलती सोडल्या, तर त्याला 18 देशांत कामाला जाण्याआधी ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ नावाच्या अधिकाऱ्याची परवानगी काढावी लागते. हे पदच मुळात गिरमिटियांच्या काळातलं, मॉरिशसला आणि डेमेराराला मजुरांची जहाजं भरून जात तेव्हाचं. 1922 चा इंग्रजांचा कायदा जाऊन 1983 चा आला, पण पदाचं नाव तेच राहिलं आणि नजरही तीच राहिली. परदेशी जाणं हा नागरिकाच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये सांगितलं आणि 1978 मध्ये मनेका गांधी खटल्यात ते आणखी पक्कं केलं. तरीही जानेवारी 2018 मध्ये परराष्ट्र खात्याने ईसीआरवाल्या माणसांच्या पासपोर्टला नारिंगी रंग द्यायचं जाहीर केलं होतं. जगातल्या कुठल्याही विमानतळावर लांबूनच ओळखू यावं की हा कमी शिकलेला. ओरड झाली म्हणून महिना संपायच्या आत ते मागे घेतलं. पण ज्याच्या डोक्यात हा रंग आला, त्याला आपल्याच माणसाची लाज वाटत होती, हे मी विसरणार नाही.

ठीक आहे, म्हणावं, अडवता ते संरक्षणासाठी अडवता. मग ते संरक्षण दाखवा.

माझ्या चुलत बहिणीचा मुलगा नववीत शाळा सुटलेला, गवंडीकाम करणारा. नोंदणीकृत एजंटाने कामगाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि वर जीएसटी घ्यावा, असा नियम आहे. त्याच्याकडून एका माणसाने 1 लाख 20 हजार घेतले. त्या माणसाची कसलीही नोंदणी नव्हती. बहिणीने दोन एकरांतली अर्धी जमीन गहाण टाकली. हातात आला तो कामाचा व्हिसाच नव्हता. तो होता फिरायला जाण्याचा, व्हिजिट व्हिसा. सहलीला जाणाऱ्याला परवानगी लागत नाही, आणि कायद्यातलं हे भगदाड एजंटांना पाठ आहे. “मामा, एजंट म्हनला, शमशाबादला कोनी इचारलं तर फिरायला जायलो म्हन,” असं तो मला नंतर सांगत होता. ज्याच्या पायात स्लीपर आणि हाताला घट्टे, ज्याने हैदराबादचं चारमिनारसुद्धा पाहिलेलं नाही, तो फिरायला दुबईला निघालाय, असं म्हणत शमशाबाद विमानतळाच्या काउंटरवरून पुढं गेला. असं ठरवून पार करून देण्याला या धंद्यात ‘पुशिंग’ म्हणतात. शब्द रुळलेला आहे, म्हणजे व्यवहारही रुळलेला आहे.

तिकडे महिना-दोन महिन्यांत व्हिसाची मुदत संपली आणि तो ‘खल्ली वल्ली’ झाला. आखातात बिनकागदाच्या माणसाला आपले लोक हेच म्हणतात. दंड रोज वाढत होता. पगार मुकादम देईल तेवढा. पोलिसांत जायची सोय नाही, कारण पकडायचं झालं तर आधी त्यालाच. पासपोर्टही त्याच्याकडे नव्हता. एकवीस महिन्यांनी तो आउटपासवर, म्हणजे परतीपुरत्या तात्पुरत्या कागदावर, परत आला, तेव्हा अंगावर जाताना नेलेलाच शर्ट होता. जमीन आजही गहाणच आहे.

आम्ही तक्रार द्यायची ठरवली आणि तेव्हा मी तो कायदा पहिल्यांदा नीट वाचला. मला वाटलं होतं, इतक्या घरांची राखरांगोळी करणाऱ्या गुन्ह्याला शिक्षाही तशीच असेल. 1983 च्या कायद्याचं कलम 24 म्हणतं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड. दोन हजार! लाखाच्या वर खाल्लेल्या माणसाला दंड दोन हजारांचा. त्या काळात दोन हजारांना काही किंमत असेल. त्यानंतर चार दशकं गेली. 2019 मध्ये नव्या कायद्याचा मसुदा आला, 2021 मध्ये दुसरा आला, ऑक्टोबर 2025 मध्ये तिसरा लोकांपुढे ठेवला. सरकारला घाई असली की कायदे किती दिवसांत होतात ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. या कायद्याची कुणाला घाई नव्हती, कारण यात लुबाडला जाणारा माणूस निवडणुकीच्या दिवशी शारजात सिमेंट कालवत असतो.

आता विम्याचं बघा. परवानगी घेऊन जाणाऱ्याला प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये, विमा 10 लाखांचा. ऐकायला भक्कम वाटतं. पण 10 लाख मिळतात ते अपघाती मृत्यूला किंवा कायमचं अपंगत्व आलं तर. आणि आखातातून येणाऱ्या शवपेट्यांवरच्या कागदात काय लिहिलेलं असतं? नैसर्गिक मृत्यू. हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. तिशीतला, पस्तिशीतला, जाताना वैद्यकीय तपासणीत ठणठणीत ठरलेला माणूस रात्री झोपतो आणि सकाळी उठत नाही. 45-46 अंशांत दहा-बारा तास राबवून घेतल्यावर थांबलेल्या काळजाला नैसर्गिक म्हणायचं आणि विधवेला रिकाम्या हाताने परत पाठवायचं. कॉमनवेल्थ ह्युमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने माहिती अधिकारात काढलेला आकडा आहे: 2012 पासून 2018 च्या मध्यापर्यंत सहा आखाती देशांत 24,570 भारतीय कामगार मेले. दिवसाला दहा. एखाद्या शहरात रोज दहा माणसं अशी मेली असती, तर चौकशी आयोग बसले असते. इथे शमशाबादच्या मालवाहू दारातून पेटी बाहेर येते, रुग्णवाहिकेत चढते आणि जगित्यालच्या, सिरसिल्लाच्या रस्त्याला लागते.

तेलंगणा सरकारने 2024 मध्ये आखातात मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना 5 लाख रुपये द्यायचं ठरवलं. त्यासाठी तिथल्या संघटनांना वर्षानुवर्षं रस्त्यावर यावं लागलं. पण ते तेलंगणाच्या माणसांना. धर्माबादचा, बिलोलीचा, देगलूरचा माणूस त्याच एजंटाच्या हातून, त्याच विमानाने गेलेला असतो, त्याच खोलीत वरच्या खाटेवर झोपलेला असतो. त्याची पेटी आली तर ती हद्दीच्या अलीकडची. मुंबईला ही माणसं आपली वाटतच नाहीत. नांदेडच्या पुढं महाराष्ट्र आहे, याचाच तिकडे विसर पडलाय.

हे सरकारचं झालं. आता आपलं. काचीगुड्यात, कोठीत, कुकटपल्लीत राहणाऱ्या आम्हा मराठी मध्यमवर्गीयांना अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-160 अर्जाचा रकाना न् रकाना तोंडपाठ असतो. मुलाच्या व्हिसासाठी चिलकूरच्या बालाजीला अकरा प्रदक्षिणा, मिळाल्यावर एकशेआठ. नानकरामगुड्यात अमेरिकेने 34 कोटी डॉलर खर्चून नवी वकिलात बांधली, तिच्या रांगेत कुठे उभं राहायचं हे शेजारीपाजारी एकमेकांना समजावून सांगतात. जानेवारी 2019 च्या अखेरीस मिशिगनमधल्या बनावट फार्मिंग्टन विद्यापीठात नाव घातलेले 129 भारतीय विद्यार्थी पकडले गेले, त्यात तेलुगू मुलं पुष्कळ होती. आपल्या सरकारने अमेरिकेच्या दूतावासाला निषेधाचं पत्र दिलं, चोवीस तास मदतीचा फोन सुरू केला. त्या मुलांना फसवलं गेलं, असं आपण म्हटलं, आणि खरंच फसवलं होतं. पण तसाच एजंटाने फसवलेला गवंडी परत आला, की याच घरांमधून ऐकू येतं: शिकला नाही, लोभ सुटला, कागद न बघता गेला. मार्च 2024 मध्ये हैदराबादचाच एक तरुण रशियाच्या युद्धात मेल्याची बातमी आली. मदतनिसाची नोकरी म्हणून नेलं होतं, पाठवलं आघाडीवर. तेव्हाही आमच्या जिन्यात पहिला प्रश्न हाच होता, की याला कळलं कसं नाही? फसवणाऱ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

मला दोन्ही व्हिसांसाठी एकच माप हवंय. बिननोंदणीच्या एजंटाची मालमत्ता जप्त होऊन कामगाराचे पैसे परत मिळाले पाहिजेत. विम्यात मृत्यू म्हणजे मृत्यू, त्याची प्रतवारी नको. पेटी आली तर इथे शवविच्छेदन व्हायला हवं आणि त्याचा खर्च सरकारने करावा. व्हिजिट व्हिसावर जाणाऱ्या मजुराला काउंटरवर कुणीतरी त्याच्या भाषेत, मराठीत, तेलुगूत, दखनीत, दोन मिनिटं बाजूला घेऊन विचारलं पाहिजे की बाबा, तुला खरं काय सांगितलंय.

बहिणीचा मुलगा सध्या माझ्याकडेच राहतो. दिवसा मियापूरला बांधकामावर जातो. त्याला परत जायचंय, कारण गहाण सोडवण्याचा दुसरा मार्ग त्याला दिसत नाही. या खेपेला मात्र तो एजंटाकडे आधी गेला नाही. मुक्त विद्यालयातून दहावीचा अर्ज भरलाय त्याने, एकोणतिसाव्या वर्षी. बाजारात दहावीची खोटी गुणपत्रिका पैसे देऊन मिळते हे त्याला माहीत आहे, पण आता खोट्या कागदाला हात लावायचा नाही म्हणतो. पास झाला की पासपोर्टवरची ती नोंद जाईल. त्यासोबत सक्तीचा विमाही जाईल, सरकारच्या वहीतली नोंदही जाईल, मी त्याला हे तीनदा सांगितलं. तो म्हणाला, “जाऊ दे मामा. ती नोंद व्हती तवा तरी मला कोन इचारलं?”

रात्री जेवणं झाली की तो गणिताचं पुस्तक घेऊन बसतो. सिमेंटने बोटं चिरलेली, पेन्सिल नीट धरता येत नाही. काल आम्ही चक्रवाढ व्याज सुरू केलं. सूत्र मी सांगायच्या आधीच त्याने गहाणखताचा हिशोब मांडून दाखवला, पैसा न पैसा बरोबर.