पायांची काळजी हेही अभिवादनच

14 जानेवारीला, नामविस्तार दिनी, वाळूजहून विद्यापीठाच्या गेटकडे पायी निघणाऱ्यांसाठी आम्ही काही परिचारिका रस्त्याकडेला मलमपट्टीचं टेबल मांडतो. तिथे साठीच्या एका मावशींनी चप्पल काढली, तर तळपायात काच रुतलेली. रक्त वाहत होतं, पण त्यांना पत्ताच नव्हता. मधुमेहानं पाय बधिर झालेले. गाडीत बसा म्हटलं, तर म्हणाल्या, "गाडीत बसले तर अभिवादन कसलं गं, बाई?"

चालण्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो असावाच. 1979 चा नागपूर ते औरंगाबाद लाँग मार्च पायीच निघाला होता. 2023 ची परभणी ते चैत्यभूमी धम्म पदयात्राही आपण पाहिली. पण जखम अंगावर काढणं म्हणजे निष्ठा नव्हे.

विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविस या भिक्खूंची कथा आहे. चंक्रमण करून त्यांचे पाय फुटले, वाट रक्तानं माखली. भगवंतांनी त्यांना पादत्राणं वापरायची मुभा दिली. सोण म्हणाले, मला एकट्याला नको. तेव्हा ती मुभा साऱ्या भिक्खूसंघाला मिळाली. एकाचे पाय पाहून सर्वांसाठी नियम झाला. आपण नेमकं हेच विसरतो.

आपल्या नियोजनात झेंडे, बॅनर, भोजनदान असतं, शौचालय नसतं. म्हणून बाया सकाळपासून घोटभरही पाणी पीत नाहीत. मग चक्कर येते, लघवीला जळजळ होते. स्पेनमध्ये सांतियागोच्या जुन्या कॅथेड्रलकडे लोक शेकडो किलोमीटर चालत जातात. त्या वाटेवर गावोगावी मुक्कामाची, आंघोळीची सोय असते. आपल्याला निदान वीसेक किलोमीटरची सोय करता येऊ नये?

आयोजकांनी ठराविक अंतरावर पाणी, महिलांसाठी शौचालय आणि पायतपासणी ठेवावी. मागे एक गाडी हवीच.

चालणाऱ्यांनी महिनाभर आधी सराव करावा. नवे बूट त्या दिवशी घालू नयेत. मोजे ओले झाले की बदलावेत. छोटा फोड फोडू नये. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. दर विसाव्याला तळपाय पाहावेत, दिसत नसतील तर सोबत्याला दाखवावेत.

मावशी अखेर गाडीत बसल्या. आम्ही गेटवर पोहोचलो तेव्हा त्या पट्टी बांधलेला पाय लांब करून बसल्या होत्या. आम्हाला बघून म्हणाल्या, "जयभीम! उशीर केला तुम्ही."